विहीणबाई, पुन्हा विचारा

मुलीचे होणारे सासू-सासरे आमच्याकडे जेवायला येणार, एवढीच मूळ घटना होती. तिच्यात अटलांटिक महासागर, गुरांचं मीठ, मधमाश्यांचा परवाना आणि बिचाऱ्या वोन्द्रा आजोबांची अंत्ययात्रा शिरली, यात माझा दोष थोडाच. पण आमच्या नेब्रास्कातल्या प्लम फोर्कमध्ये मी दुकानात पाव घ्यायला गेलो, तरी लोक माझ्याकडे बघून दोन बोटं खेकड्याच्या नांगीसारखी उघडमीट करतात. गावात सतरा आवृत्त्या फिरताहेत. तेव्हा खरी काय ती एकदा सांगून टाकलेली बरी.

सुरुवात फोनने झाली.

"बाबा, शनिवारी आम्ही येतोय. थॅचरचे आई-वडीलही येतायत," लेनोरा म्हणाली. "काही विशेष करू नका हं."

काही विशेष करू नका, हे वाक्य मुलीच्या बापाला कधीही ऐकवू नये. त्याचा अर्थ तुम्ही जे करता ते विशेष नाही, असाच होतो.

"आणि आईला सांगा, ती हिरवी जेली नको. गाजर घातलेली."

व्हर्ना माझ्या शेजारीच उभी होती आणि फोन स्पीकरवर होता. हिरव्या जेलीत किसलेलं गाजर हा माझ्या बायकोकडे तिच्या आईकडून आलेला ठेवा आहे. चर्चच्या जेवणावळीत तो ट्रे सगळ्यांत आधी रिकामा होतो. व्हर्नाने ओट्यावरची गाजरं उचलली आणि फ्रीजमध्ये परत ठेवली. इतका शांत अपमान मी आमच्या घरात पाहिला नव्हता.

आता जेवणापेक्षा मोठी गोष्ट सांगतो. लग्न कुठे करायचं, ते ठरायचं होतं. होणाऱ्या जावयाच्या, थॅचरच्या घरची पेलहॅम मंडळी मॅसॅच्युसेट्समध्ये, अगदी समुद्राच्या काठावर, मार्बलहेड नावाच्या गावात राहतात. तिथल्या नौका क्लबचं अध्यक्षपद त्यांच्या घरात आजोबांपासून चालत आलेलं. क्लबला हो की नाही ते सोमवारी कळवायचं होतं. लेनोरा सगळ्यांना सांगायची, तुम्ही मोठ्यांनी ठरवा. पण एकदा मला एकट्याला फोनवर म्हणाली होती, "बाबा, मला आपल्या चर्चमध्येच लग्न करायचंय. पण मी कशी मागू? त्यांना वाटेल, आल्याआल्या हट्ट सुरू झाला. त्यांनीच म्हटलं तर किती बरं होईल." तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. मला लेकीचं लग्न माझ्या गावात हवं होतं, आणि ते व्याह्यांच्या तोंडून यायला हवं होतं.

आणि व्याही कसे, तर पहिल्या भेटीत विन्थ्रॉप पेलहॅम यांनी माझा हात हातात घेऊन म्हटलं, "आयोवा! सुंदर राज्य."

"नेब्रास्का," मी म्हणालो.

"हो हो. तेच."

मी गावच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवलाय हो. माणसाने शिवी द्यावी, पण आयोवा म्हणू नये. पुढे ते म्हणाले, की आमचा सगळा मुलूख त्यांनी विमानातून पाहिलाय आणि तो चौकोनी आहे. विहीणबाई फिलिपा यांनी मनापासून विचारलं, "तुमच्याकडे झाडं आहेत का?" किनाऱ्यावरच्या लोकांना अमेरिका म्हणजे दोन काठ आणि मधे बरीच रिकामी जागा वाटते. अर्थात खोटं कशाला बोलू, आम्हीही काही संत नाही. पश्चिमेकडच्या वाळूच्या टेकड्यांतल्या गुराख्यांना आम्ही अडाणी समजतो, आणि कॅन्सस हे राज्य मी वर्गात जरा घाईनेच उरकतो.

त्या पहिल्या भेटीत आणखी एक गोष्ट घडली होती. आम्ही दोघं मार्बलहेडला त्यांच्या घरी गेलो होतो. आता आमच्याकडे रीत अशी, की पाहुण्याला काही दिलं तर त्याने नको म्हणायचं. दुसऱ्यांदा दिलं तर अगदीच नको, उगाच त्रास, असं म्हणायचं. तिसऱ्यांदा दिलं, की मान तिरकी करून, "बरं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर," असं म्हणत ताट पुढे करायचं. दोनदा नको न म्हणता घेतो तो पाहुणा हावरट, आणि तीनदा विचारत नाही ते घर चिकट. यात न समजण्यासारखं काय आहे? तर फिलिपाबाईंनी विचारलं, "थोडं शिंपल्यांचं सूप घेणार?" पातेल्यातून असा वास येत होता, की माझी मान आपोआप तिकडे वळली. मी म्हणालो, "छे छे, कशाला त्रास!"

"बरं," म्हणाल्या, आणि झाकण ठेवून दिलं.

मी दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत बसलो. व्हर्नाही बसली. संध्याकाळभर बसलो. शेवटी हॉटेलवर येऊन मशीनमधले खारे दाणे खाऊन झोपलो. फिलिपाबाई नंतर लेनोराला म्हणाल्या म्हणे, "तुझे आई-वडील किती मिताहारी आहेत!"

तर अशा लोकांना जेवायला काय घालायचं?

"चिली आणि दालचिनीचे रोल," व्हर्ना म्हणाली. तिच्या आवाजात शंका नव्हती.

चिली म्हणजे आमचा खिमा-राजम्याचा तिखटजाळ रस्सा, आणि त्यात बुडवून खायचा तो गोड, मऊ, वर साखरेचा पाक ओघळलेला दालचिनी रोल. आमच्या राज्यातल्या प्रत्येक शाळेत दुपारच्या जेवणाला हे एकत्र मिळतं आणि त्या दिवशी एकही मूल आजारी पडत नाही. पण किनाऱ्यावरच्या माणसाला हे सांगितलं, की तो आपल्याकडे दयेने बघतो.

"हसतील ते," मी म्हणालो.

"हसू देत. पोट भरल्यावर हसलेलं चांगलं."

मला मात्र हसू द्यायचं नव्हतं. मी बाहेर कुंपणाशी गेलो. तिथे आर्लिस क्रेमर उभा होता. आर्लिस माझा शेजारी, गुरांच्या खाद्याचं दुकान चालवून निवृत्त झालेला. निवृत्तीनंतर तो सल्ल्यांचं दुकान चालवतो, आणि ते चोवीस तास उघडं असतं.

"एमिल, बीफ दे," तो म्हणाला. "आपल्यासारखं बीफ त्यांच्या बापाने खाल्लं नसेल."

"त्यांना वाटेल, यांच्याकडे दुसरं काही मिळतच नाही."

"मिळत नाहीच."

हे माझ्या जिव्हारी लागलं. "का नाही मिळत? ते काय खातात, लॉबस्टर ना? मी लॉबस्टर देईन. जिवंत! मेन राज्यातून मागवून. कळू दे त्यांना, आम्हीही जगात राहतो."

आर्लिसने टोपी मागे सारली. याचा अर्थ, प्रकरणात त्याला रस वाटू लागला. "जिवंत म्हणजे पाणी लागेल. माझ्याकडे हौद आहे."

हा हौद म्हणजे गुरांना पाणी पाजायचा पत्र्याचा मोठा गोल हौद. आर्लिसने तो ट्रकवर चढवून दिवसाढवळ्या मुख्य रस्त्यावरून माझ्या अंगणात आणला. वाटेत नगरपालिकेची खिडकी लागते, आणि त्या खिडकीत इमोजीन बसते. दहा मिनिटांत फोन आला, "सर, जरा ऑफिसात येता?"

इमोजीन माझी जुनी विद्यार्थिनी. खिडकीच्या आत बसून माझ्याकडे बघताना तिच्या चेहऱ्यावर एक वेगळंच समाधान असतं.

"सर, गावाच्या हद्दीत गुरांचा हौद ठेवायचा तर परवाना लागतो. कुठलं जनावर?"

"लॉबस्टर."

तिने यादीवरून पेन फिरवलं. "गुरं, शेळ्या-मेंढ्या, कोंबड्या, इतर. इतरमध्ये फक्त लोकरवाले लामा आणि मधमाश्या येतात."

"मग यात लॉबस्टर कुठे बसवणार?"

"पाय किती?"

"दहा. नांग्या धरून."

"उडतात?"

"इमोजीन!"

"नियम मी नाही केले, सर. पहाटे आरवतात का? शेजाऱ्यांना दुर्गंधी? कुंपण ओलांडून कुणाच्या मक्यात शिरण्याची शक्यता?"

"ते समुद्रातले प्राणी आहेत!"

"कुठल्या समुद्रातले?"

"अटलांटिक."

"म्हणजे नकाशात उजवीकडचा," ती गोड हसून म्हणाली. "मी डावीकडे दाखवला होता. तुम्ही नापास केलं होतंत."

"त्याचा सूड घेतेस?"

"छे, सर. खात्री करून घेतली." मग तिने बराच विचार करून पेन टेकवलं. "लामापेक्षा मधमाश्या जवळच्या वाटतात. पाय जास्त, आणि हात लावला तर इजा होते."

अशा रीतीने मला मधमाश्या पाळण्याचा परवाना मिळाला. अट एकच होती, दर्शनी जागी पाटी लावायची. ती पाटी पालिकाच देते. पिवळी धमक, वर काळ्या अक्षरात: सावधान, मधमाश्या. मी ती हौदाला टांगली आणि शुक्रवारी मान खाली घालून ओमाहाच्या विमानतळावर मागवलेले लॉबस्टर आणायला गेलो.

येताना खोक्याला मी शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसवलं होतं. आतून खरडल्याचा आवाज येत होता. प्रवासभर मी त्यांच्याशी थोडं बोललो. परक्या मुलखात आलेल्या जिवाला धीर द्यावा लागतो.

घरी येतो तर अंगणात निम्मं गाव. लोकांनी घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या. कुणी बिस्किटांचा डबा फिरवत होतं. आर्लिसने हौद नळाच्या पाण्याने काठोकाठ भरून ठेवला होता. लॉबस्टर हातात धरून मी थबकलो.

"आर्लिस, हे गोडं पाणी आहे."

"त्याची सोय केलीय," म्हणत त्याने ट्रकमधून एक ठोकळा काढला. गुरांनी चाटायचा मिठाचा ठोकळा, तांबडा, विटेच्या तिप्पट. त्यात लोह, तांबं आणि गाईला लागणारं आणखी काय काय असतं.

आता मी वर्गात महासागराच्या पाण्यात मीठ किती असतं ते शिकवतो. पण ते हौदात कसं आणायचं हे पुस्तकात कुठेच नाही, आणि चारचौघांत भूगोलाच्या मास्तरने मला माहीत नाही म्हणायचं तरी कसं? मी गंभीर चेहऱ्याने मान हलवली. ठोकळा बुडुक करून आत गेला. पाणी हळूहळू तांबडं झालं. आर्लिसने बोट बुडवून चाखलं आणि डोळे मिटले.

"अजून थोडं हवं."

"तू समुद्र चाखलायस का कधी?"

"नाही. पण आसवांवरून अंदाज येतो."

दुसरा ठोकळा पडला. लॉबस्टर आत सोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. थोडा वेळ ते तळाशी हिंडले, मग त्यातला सगळ्यांत मोठा मिठाच्या ठोकळ्यावर चढून बसला आणि हलेना. बाकीचे एका बाजूला कलंडले. मिशा लोंबल्या. एक बाई म्हणाली, "झोपले असतील, प्रवासाने थकले." पण मला लक्षण ठीक दिसेना. मी घरात पळालो आणि जिथून मागवले त्या मेनमधल्या दुकानात फोन लावला.

तिकडचा माणूस आधी शांतपणे ऐकत होता. "हौदात? बरं. कसला हौद? ... कुठलं मीठ म्हणालात?"

"गाई चाटतात ते."

फोन त्याने बाजूला धरला असावा, कारण मला आख्खं दुकान हसताना ऐकू आलं. मग दुसरा माणूस बोलायला आला, मग तिसरा, आणि प्रत्येकाने मला गाईपासून पुन्हा सांगायला लावलं. किनाऱ्यावरची माणसं तीनदा विचारत नाहीत हे आम्ही मार्बलहेडला पाहिलं होतं, त्याला हा अपवाद. शेवटी एकाला बोलता आलं. "आजोबा, बाहेर काढा त्यांना. पाण्यात नाही ठेवायचं. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळा आणि फ्रीजमध्ये ठेवा. आणि तुम्ही कुठून बोलताय? नेब्रास्का? ते आयोवातच ना?"

मी फोन ठेवला.

आमचा फ्रीज उघडला तर तो फुगत ठेवलेल्या दालचिनी रोलच्या कणकेने खच्चून भरला होता. व्हर्नाकडे पाहिलं. ती म्हणाली, "काही बोलू नकोस." मी दार लावलं आणि आर्लिसकडे धावलो. आर्लिसचा फ्रीज माशांच्या गळांना लावायच्या किड्यांनी भरलेला. तेव्हा आर्लिसनेच सुचवलं, "चर्चच्या तळघरात ठेव. तिथला फ्रीज केवढा मोठा आहे!"

चर्चच्या फ्रीजचा एक कायदा आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण बायबलातल्या दहा आज्ञांपेक्षा कडक पाळला जातो. तुम्ही ठेवलेल्या भांड्याला चिकटपट्टी लावून त्यावर आडनाव लिहिलं असेल, तर ते तुमचं. नाव नसेल, तर ते पुढच्या अंत्यविधीच्या जेवणासाठी दिलं असं समजायचं. हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला माहीत आहे. मलाही माहीत होतं. पण त्या दिवशी माझ्या डोक्याचा पार भुगा झाला होता. मी लॉबस्टर ओल्या वर्तमानपत्रात एकेक करून गुंडाळले, खोक्यात ठेवले, त्यांना शुभरात्री म्हटलं आणि दार लावून घरी आलो.

आणि वोन्द्रा आजोबांचा अंत्यविधी शनिवारी सकाळी होता.

दुपारी मी तळघरात गेलो तेव्हा भांडी घासणं चाललं होतं. आर्लिसची बायको ओपल चर्चच्या स्वयंपाकघराची सर्वाधिकारी आहे. मी फ्रीज उघडला. रिकामा.

"ओपल, इथे वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही होतं?"

"अगं बाई, ते तुझं होतं का? नाव नव्हतं रे त्यावर. आम्ही म्हटलं, कोण एवढं उदार झालं! मोठमोठे खेकडे होते, एमिल."

"कुठे आहेत?"

"उकडले, सोलले. मग मशरूम सूपचे डबे घातले, वर चीज घातलं, बटाट्याचे चिप्स कुस्करून पसरले आणि भट्टीत ठेवलं." आमच्या चर्चमधल्या बायकांच्या हाती समजा देवमासा लागला असता, तरी त्यांनी हेच केलं असतं.

"लोकांनी खाल्लं?"

"चाटूनपुसून खाल्लं! थोडं चिवट होतं म्हणाले. म्हातारी कोंबडी असेल असं वाटलं त्यांना. वोन्द्रांचा मुलगा तर म्हणाला, बाबांना आवडलं असतं." मग माझा चेहरा बघून तिचा आवाज उतरला. "एक लहान ट्रे उरलाय. नेतोस?"

मी तो ट्रे छातीशी धरून घरी आलो. वाटेत इमोजीन भेटली. "सर, मधमाश्या कशा आहेत?" मी ट्रे आणखी घट्ट धरला आणि रस्ता ओलांडला.

पाहुण्यांना मी साडेपाचची वेळ दिली होती. आमच्याकडे रात्रीचं जेवण साडेपाचला असतं. विन्थ्रॉप पेलहॅम गाडीतून उतरले आणि त्यांनी आधी घड्याळाकडे, मग डोक्यावरच्या उन्हाकडे पाहिलं.

"चहा आहे का आत्ता?" त्यांनी थॅचरला हळूच विचारलं.

फिलिपाबाई अंगणात उभ्या राहून वर बघत होत्या. "झाडं!" त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर हौदावर गेली. तांबडं पाणी, वर पिवळी पाटी. "आणि... मधमाश्या?"

"आज बाहेर गेल्यात," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

टेबलावर मी तो ट्रे मधोमध ठेवला. लेनोराने ट्रे बघितला, चिप्सचा चुरा बघितला आणि डोळे मिटून घेतले. पण मी ताठ उभा राहिलो. कितीही झालं तरी आत लॉबस्टरच होता.

"लॉबस्टर!" मी जाहीर केलं. "आमच्या पद्धतीने."

चमचा भरून मी आधी व्याह्यांपुढे केला. विन्थ्रॉप किंचित मागे सरकले. "नको. आभारी आहे."

मला बरं वाटलं. शिकताहेत बिचारे, आपल्या रीतीने घेतात. मी दुसऱ्यांदा पुढे केला. "घ्या हो. थोडं."

"खरंच नको."

उत्तम! दुसरा नकारही अगदी वेळेवर. मी चमचा आणखी भरला आणि तिसऱ्यांदा ताटाच्या अगदी वर धरला. "अहो, तुमच्याचसाठी आणलाय. विमानाने आलाय. एक घास तरी!"

विन्थ्रॉप पेलहॅम लाल झाले. त्यांनी बायकोकडे पाहिलं. फिलिपाबाईंनी मान हलवली, म्हणजे नको, सांगू नकोस. आणि त्यांनी सांगून टाकलं.

"मला लॉबस्टर चालत नाही. अंगावर गांधी उठतात. ओठ सुजतात. पहिल्यापासून."

चमचा माझ्या हातात तसाच राहिला. थॅचर बघतच राहिला. "बाबा? तुम्ही? तुम्ही तर क्लबमध्ये दरवर्षी..."

"तुझ्या आईच्या ताटात सरकवतो," ते म्हणाले. "क्लबच्या झेंड्यावर लॉबस्टर आहे रे. तुझे पणजोबा अध्यक्ष, आजोबा अध्यक्ष, मी अध्यक्ष. कुणाला सांगू?"

"पण कधी बोलला कसे नाहीत?"

विन्थ्रॉपनी जरा विचार केला. "कोणी तीनदा विचारलंच नाही," ते म्हणाले.

त्या क्षणी मला तो माणूस फार आवडला. एवढं मोठं घर, एवढा मोठा समुद्र आणि हा बिचारा आयुष्यभर त्याच्या काठावर अर्धपोटी बसलेला! आयोवाचं सगळं मी माफ करून टाकलं.

व्हर्ना उठली. आत गेली आणि चिलीचं पातेलं घेऊन आली. मग रोल आले, गरम, पाक ओघळणारे. तिने ते केव्हा भाजले मला माहीत नाही. बायकांना नवऱ्यांची फजिती आदल्या दिवशीच कळलेली असते.

विन्थ्रॉपनी वाटीत डोकावून वास घेतला. "आणि हा गोड रोल नंतर खायचा ना?"

"आत्ताच," व्हर्ना म्हणाली. "त्यात बुडवून."

फिलिपाबाईंनी छातीवर हात ठेवला. पण विन्थ्रॉपनी रोलचा तुकडा मोडला, बुडवला आणि तोंडात घातला. त्यांनी दुसरा तुकडा मोडला. मग वाटी जवळ ओढली आणि डावा हात तिच्याभोवती असा ठेवला, जणू कुणी काढून घेईल.

"फिलिपा," ते भरल्या तोंडाने म्हणाले, "आपल्याला आजवर फसवलंय."

मग फिलिपाबाईंनी चाखलं. मग त्यांनीही वाटी जवळ ओढली. थॅचर तिसरा रोल घेताना पकडला गेला. एवढ्यात व्हर्नाने फ्रीजमधून शेवटचा ट्रे काढला. हिरवी जेली होती ती! लेनोरा कण्हली.

"घरात गाजरं पडून होती," व्हर्ना मुलीकडे न बघता म्हणाली.

फिलिपाबाईंनी चमच्याने जेली हलवून पाहिली. ती थरथरली. "यात गाजर का?"

"का नसावं?" व्हर्नाने विचारलं.

फिलिपाबाईंनी एक वाटी खाल्ली आणि दुसरी स्वतःच्या हाताने वाढून घेतली. न विचारता! व्हर्नाच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

मग फिलिपाबाईंनी रुमालाने ओठ टिपले आणि सरळ मुद्द्यावर आल्या. किनाऱ्याची माणसं वळण घेत नाहीत.

"लग्नाचं. क्लबमध्ये मेजवानी म्हणजे पुन्हा लॉबस्टर, आणि विन्थ्रॉपने पुन्हा लपवाछपवी करायची. मला वाटतं, लग्न इथेच करावं. चालेल तुम्हाला?"

टेबलाखाली लेनोराने माझा गुडघा घट्ट धरला. तिचे डोळे भरून आले होते. न मागता, त्यांच्याच तोंडून! माझ्या छातीत आनंदाचे ढोल वाजायला लागले, आणि मी मान हलवून म्हणालो,

"छे छे! आमचं कसलं गाव! तुमच्या पाहुण्यांना एवढ्या लांब उगाच त्रास."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ती ही.

"बरं," फिलिपाबाई म्हणाल्या. "मग क्लबच."

लेनोराचा हात माझ्या गुडघ्यावरून गळून पडला. व्हर्नाने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचं वर्णन मी करणार नाही. पण मी अजून शांत होतो. का? तर आमच्याकडे निरोप खुर्चीत सुरू होतो, दारात रंगात येतो आणि खरी बोलणी गाडीला टेकून होतात. चांगला तासभर जातो. दुसरं विचारणं दारात, तिसरं गाडीपाशी, असा हिशेब मी मनात मांडला होता. मी मांडीवर हात मारून सावकाश "बरं तर मग" म्हणत उठतो न उठतो, तोच पेलहॅम दांपत्य उभं राहिलं, "फार छान संध्याकाळ, आभारी आहोत," म्हणालं, दाराबाहेर गेलं आणि गाडीत बसलं. हमरस्त्यावरच्या मोटेलमध्ये त्यांची खोली होती. कुणी कशालाही टेकलं नाही. दारं धाड धाड लागली, आणि माझ्या लेकीचं लग्न मागे मागे रस्त्याकडे जाऊ लागलं.

मी धावलो. गळ्यात रुमाल तसाच, एका पायात चप्पल. हौदाला धडकलो, तांबडं पाणी अंगावर आलं, मधमाश्यांची पाटी कुठेतरी शर्टाला अडकली. तशा अवस्थेत मी गाडीची काच बडवली.

"विहीणबाई! पुन्हा विचारा!"

काच खाली आली. "काय?"

"लग्नाचं! तुम्ही एकदाच विचारलंत!"

"तुम्ही नको म्हणालात."

"ते नको नव्हतं हो! ते नुसतं पहिलं नको होतं!"

फिलिपाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "यांना बरं नाही का?"

विन्थ्रॉप पेलहॅम यांच्या हनुवटीवर साखरेचा पाक अजून होता. ते गदगदून हसत होते. "विचार, फिलिपा. इथे तीनदा विचारतात. मला विचारलं ना?"

कुंपणापाशी आर्लिस येऊन उभा होता. ओपलही होती. फिलिपाबाईंनी घसा साफ केला आणि क्लबच्या सभेत ठराव मांडावा तसं म्हणाल्या, "श्रीयुत हाव्रानेक, लग्न इथे करू या का?"

"अहो नको," मी म्हणालो. "तुम्हाला फार गैरसोय होईल."

"एमिल!" व्हर्ना ओसरीवरून किंचाळली.

"बाबा!" लेनोरा रडत होती की हसत होती, कळत नव्हतं.

पण मी काय करू? दुसरा नकार दिल्याशिवाय तिसरं विचारणं येणार कुठून? काच वर सरकायला लागली. विन्थ्रॉपनी हात घालून ती अडवली आणि बायकोच्या कानात काहीतरी सांगितलं. फिलिपाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यापासून शर्टापर्यंत, शर्टावरच्या पाटीपर्यंत. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"घ्या ना हो," त्या म्हणाल्या, "एक लग्न तरी!"

मी मान तिरकी केली.

"बरं," मी म्हणालो, "तुम्ही एवढं म्हणताच आहात तर."